फाटक्या कानाची तसबीर

मुंबईला जाऊन आलं की सांगलीत पहिला प्रश्न ठरलेला, समुद्र बघितला का? मी आठवडाभर राहून आले आणि समुद्राचा वाससुद्धा घेतला नाही. मुलुंड, अंधेरी, घाटकोपर, मरोळ, बोरिवली एवढीच माझी मुंबई. तिथे मी माझ्या आजीचं तोंड शोधायला गेले होते. ते सापडलं. हवं होतं त्याहून जास्त ठिकाणी सापडलं, म्हणून हे लिहिते आहे.

आजी म्हणजे आईची आई, यमुनाबाई. आई जेमतेम पाऊल टाकायला लागली तेव्हा ती तापाने गेली. तिचा फोटो कधी काढलेला नव्हता. माझे आजोबा, ज्यांना सगळे आण्णा म्हणत, तेव्हा मुंबईत नोकरीला होते. तिथल्या एका कारागिराकडून त्यांनी तिची तसबीर करून आणली. तांब्याच्या पत्र्यावर हाताने चेहरा कोरायचा, कोरलेल्या रेघांत शाई भरायची आणि ओलसर जाड कागदावर दाबून छाप घ्यायचा, अशी ती जुनी पद्धत. लांबून छाया वाटायची, जवळ गेलं की केसाएवढ्या रेघाच रेघा. पत्रा कारखान्यातच राहायचा, घरी यायचा तो कागद. खाली आजीचं नाव आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘मेस्त्री, मुंबई’.

त्या तसबिरीत आजीच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली होती. तो पराक्रम आईचा. मांडीवर असताना तिने कानातलं धरून असं ओढलं की पाळी दोन झाली. आईच्या आत्या तिला त्यावरून म्हातारपणापर्यंत चिडवत होत्या. आई रोज सकाळी देवांच्या आधी त्या तसबिरीला फूल वाहायची. मला लहानपणी त्याचा राग यायचा, कारण बागेतलं चांगलं फूल नेहमी तिकडे जायचं.

महापुराच्या वर्षी पाणी माळ्यापर्यंत चढलं. उतरल्यावर चौकट मिळाली, आत कागदाचा चिखल. भिंतीवर खिळा तेवढा राहिला. आई त्या खिळ्याला फूल अडकवू लागली. आता तिचा एक डोळा पूर्ण गेला आहे आणि दुसऱ्याचा पडदा झिजत चालला आहे. सकाळच्या उन्हात, अगदी नाकाजवळ धरलं, तर तिला दिसायचं. डॉक्टरांनी तेही फार दिवस टिकणार नाही असं सांगितलं. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, “आईला येकदा बघून घेतो, मग जाऊ देत डोळं.” ती कधीच काही मागत नाही. मी शेजारच्या मालूताईंना तिच्याजवळ झोपायला सांगितलं आणि बॅग भरली.

मुलुंड

उतरले चुलतभावाकडे. तो फिरतीवर होता, घरी त्याची बायको वैशाली. ती विम्याच्या ऑफिसात आहे, बोलणं एक्स्प्रेस गाडीसारखं. सकाळी सहाला उठून डबा, आठला बाहेर, आणि तरीही माझ्यासाठी चहात आलं ठेचलेलं. आमच्याकडे पाहुणा आला की निदान दोन दिवस तरी त्याला कामाचं विचारत नाहीत. वैशालीने चपला काढायच्या आत विचारलं, “बोला ताई, प्लॅन काय?”

मी सांगितलं. ‘मेस्त्री, मुंबई’ एवढाच पत्ता, हेही सांगितलं. मुंबईत मेस्त्री किती असतील याचा अंदाज येऊन ती हसली. मग रात्रीची भांडी होईपर्यंत मोबाइलवर काहीबाही शोधत बसली आणि एकदम ओरडली, “ताई, हे बघा ना! अंधेरीला हॉटेल आहे एक. भिंतीवर असल्याच बायका आहेत सगळ्या.”

छोट्याशा चित्रात एक नथवाली बाई होती. चेहरा ओळखू येत नव्हता, पण मी पत्ता उतरवून घेतला.

अंधेरी

हॉटेल ‘अस्सल घरगुती’ म्हणवून घेणारं होतं. दारात उखळ, त्यात प्लास्टिकची फुलं. थालीपीठ तळहाताएवढं आणि वर चीज. असं थालीपीठ आईपुढे ठेवलं असतं तर तिने ते कावळ्याला घातलं असतं.

भिंतीवर मात्र खरोखर जुन्या तसबिरी होत्या. फेटेवाले, टोपीवाले, मिशावाले, अंगरखेवाले. आणि हात धुवायच्या बेसिनच्या वर माझी आजी.

मी खरंच हात जोडले. तीच रुंद हनुवटी, मधोमध खळी. तीच डावी भुवई, उजवीपेक्षा किंचित वर. लहानपणी तापात पडल्या पडल्या मी त्या भुवईकडे तासन्‌तास बघितलं होतं, त्यात चूक व्हायची शक्यता नव्हती. शेजारी एक मुलगा हात धुऊन झटकत होता, काचेवर शिंतोडे उडाले. मी पदराने ते पुसायला गेले आणि थबकले. कान धड होता. खाली नाव होतं, कै. सौ. गंगाबाई, आणि गाव ठाण्याचं.

मी आयुष्यभर शाळेत मुलींना शिवण शिकवलं. माणसाच्या आधी मला त्याचे कपडे दिसतात. ही चोळी आमची नव्हती. आमच्या तसबिरीत बाहीला बारीक काठ होता, ही साधी. नथही वेगळी.

मॅनेजर तरतरीत पोरगा होता. “मॅडम, डेकोरेटरने लावलंय. घाटकोपरचा माल आहे. कस्टमर लोक सेल्फी घेतात या आजीबरोबर.”

“या माझ्या आजी आहेत,” मी म्हणाले.

“झकास!” तो म्हणाला. “मग तुमचा पण काढू का फोटो?”

मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी थालीपीठ संपवलं. आमची तसबीर करताना कारागिराने चूक केली असेल, नाव कुणाचं कुणाला लागलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. घाटकोपरचा पत्ता कागदाच्या रुमालावर लिहून घेतला.

घाटकोपर

जुन्या वस्तूंचं गोदाम एका बैठ्या चाळीच्या मागे होतं. वारा देवनारकडून आला की तिथे नाकाला पदर लावावा लागतो. कचरा आणि कत्तलखाना या दोन्हींचा वास मी पहिल्यांदाच एकत्र घेतला. गोदामाचे मालक जयूभाई मात्र त्याच वाऱ्यात निवांत ढोकळा खात बसले होते. त्यांनी मलाही दिला. गोड होता. सांगलीच्या माणसाला गोडाचं वावडं नसतं, पण त्या वासात मला तो गिळवेना.

“बेन, हे सगळे लोकांच्या घरातून येते,” जयूभाई म्हणाले. “बिल्डिंग नवी झाली की आजा-आजी पहिले बाहेर. नव्या हॉलमध्ये मॅचिंग होत नाय ना.”

त्यांनी गठ्ठा काढून दिला. मी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून एक एक तसबीर लावत गेले. पुरुष सगळे निराळे. कुणाचं नाक पोपटासारखं, कुणाचे डोळे खोल, एकाचा गाल देवीच्या व्रणांनी भरलेला. बायका चार निघाल्या. चार नावं, चार गावं, चार तऱ्हेच्या नथी आणि चोळ्या. चौघींना हनुवटीत खळी. चौघींची डावी भुवई वर.

मी पुन्हा पुन्हा बघितलं. ओळीने लावल्या, मग मागे-पुढे केल्या. माझी आजी चार वेळा माझ्याकडे बघत होती आणि एकीचाही कान फाटलेला नव्हता.

“एकाच कारखान्याचा माल आहे,” जयूभाई मान वाकडी करून म्हणाले. “त्या टायमाला बायका एका टाइपच्याच असतील.”

“एका टाइपच्या बायका नसतात, जयूभाई,” मी म्हणाले. आवाज चढला होता माझा.

मग उठून त्यांनी कपाटातून एक कार्ड शोधून दिलं. त्या मेस्त्र्यांचा नातू मरोळला, औद्योगिक वसाहतीत गाळा घेऊन आहे. छपाईचं उरलंसुरलं सामान जयूभाईंना त्यानेच विकलं होतं.

तेवढ्यात आईचा फोन आला. रोजचा प्रश्न, “घावली का?” मी म्हणाले, माग लागला आहे. ती म्हणाली, “लवकर ये बाई. आज खिडकीचं गज दिसंनात.”

मरोळ

मरोळ एक नाही, हे मला रिक्षा सोडल्यावर कळलं. नाका वेगळा, मरोशी वेगळी, वसाहत वेगळी. भर उन्हात मी सिमेंटच्या मिक्सरांमधून चालत, विचारत, शिव्या घालत शेवटी त्या गाळ्यावर पोचले.

दिगंबर मेस्त्री चाळिशीचा, पोट सुटलेला, डोळ्यांखाली काळं. त्याच्या गाळ्यात काळ्या दगडाच्या पाट्या उभ्या होत्या आणि एक यंत्र लाल उजेडाच्या ठिपक्याने त्यातल्या एकीवर चेहरा उमटवत होतं. विशीतला मुलगा, गॉगल डोक्यावर चढवलेला.

“ॲक्सिडेंट,” दिगंबर म्हणाला. “घरच्यांकडे हाच फोटो होता. ग्रुपमधला. खांद्यावर मित्राचा हात होता, तो काढला मी. लोकांना वाटतं मशीन करतं. हात काढायला अर्धा दिवस गेला.”

म्हणजे घराण्याचा धंदा बदलला नव्हता. मी आल्याचं कारण सांगितलं तसा तो डोकं खाजवू लागला. “वाट लागली ओ त्या सगळ्याची. तांबं भंगारात गेलं. आम्ही हा गाळा घेतला तेव्हाच गेलं.” मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, “थांबा जरा. दोन-तीन पत्रे असतील. पण ते कुठे आहेत सांगितलं तर तुम्ही मारणार मला.”

पत्रे यंत्राच्या पायाखाली होते. जमीन सारखी नव्हती म्हणून टेकू दिलेला. त्याने यंत्र बंद केलं, माणसांना हाका मारून एक बाजू उचलली आणि काळेकुट्ट तीन पत्रे ओढून काढले. काही दिसत नव्हतं. तो कसलं तरी केमिकल आणू म्हणाला. तांबं काय आम्ही रोज घासतो! मी बाहेरच्या सँडविचवाल्याकडून पिळलेल्या लिंबांच्या साली मागून आणल्या, मीठ घेतलं आणि फरशीवर बसून घासायला लागले. पहिल्यावर पगडीवाले कुणी गृहस्थ. दुसऱ्यावर ती, पण नाव परकं. तिसरा निम्मा घासून झाला आणि उलट्या अक्षरांत ‘यमुनाबाई’ उगवलं. पत्र्यावर सगळं उलटं असतं, छापल्यावर सुलटं होतं. मी कान शोधला. दुसऱ्या बाजूला होता. फाटलेला.

मी तिथेच, त्या दगडांच्या भुकटीत बसून रडले. दिगंबर गोंधळून पंखा माझ्याकडे वळवत राहिला.

छाप घ्यायचा, हाताने फिरवायचा जुना लोखंडी दाब अजून कोपऱ्यात होता. जड म्हणून कुणी नेला नाही, त्यावर डबे आणि पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या. लहानपणी आजोबांना छाप काढताना दिगंबरने पाहिलं होतं, म्हणाला बघू या जमतंय का. शाई चोळली, जादाची पुसली, कागद भिजवून पसरला, चाक फिरवलं. पहिला कागद फुकट गेला. चेहरा छान आला, पण खालची शाई त्याने फार पुसली होती, नावाच्या जागी पांढरी पट्टी. दुसरा मात्र झाला. आमच्या भिंतीवरची तसबीर जशीच्या तशी.

तो पहिला कागद चुरगळायला निघाला होता. मी म्हटलं, राहू दे, तोंड चांगलं आलंय. दोन्ही घेतले. पत्राही त्याने दिला आणि बदल्यात फक्त माझ्या पिशवीतलं भडंग ठेवून घेतलं.

आता मी घरी निघायला हवं होतं. आईला त्या रात्री फोन करून “घावली” असं सांगितलंही. ती नुसती नाक ओढत राहिली. पण त्या घाटकोपरच्या चौघी माझ्या डोक्यातून जाईनात. दिगंबरला विचारलं होतं, सगळ्या एकसारख्या का? त्याला माहीत नव्हतं. “आत्याला विचारा. आजोबांची मुलगी, बोरिवलीला असते. परवा मी जाणारच आहे, चला.” मी जायला नको होतं, असं आता कधी कधी वाटतं.

बोरिवली

दिगंबरने स्कूटरवरून आरे कॉलनीतून नेलं. रस्त्यावर सावली, मध्येच गाईगुरांच्या गोठ्यांचा वास, आणि पाड्यातल्या बायका डोक्यावर लाकडं घेऊन चाललेल्या. मुंबईत येऊन पहिल्यांदा मला मोकळा श्वास घेता आला. मी पिशवी पोटाशी धरून बसले होते. वाटेत बिबट्यापासून सावध राहायची पाटी लागली. दिगंबर म्हणाला, “घाबरू नका, तो आम्हाला घाबरतो.” त्या प्रवासात मी हसले ती एवढीच.

शालूआत्या पंच्याऐंशीच्या पुढच्या, ताठ बसणाऱ्या. जन्म मुंबईतला, पण बोलणं मालवणी. त्यांनी आधी घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ पुढे ठेवली. खोबरं आमच्या महिन्याभराचं. चव मात्र अशी की मी दोनदा मागून घेतली. मग ताट बाजूला सारून मी छाप त्यांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग हळूच म्हणाल्या, “आये.”

मला वाटलं देवीला हाक मारली. दिगंबर माझ्याकडे बघायला लागला.

“ही माझी आवस,” आत्या म्हणाल्या. “माझी आई. तुमची कोण नाय ही.”

मी म्हणाले, खाली नाव बघा. यमुनाबाई. माझ्या आईची आई.

“नाव तुमचा. तोंड आमचा.” त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. “पुरुषांचे फोटो असत. तेच्यावरसून बाबा कोरी. बायलांचे फोटो खंयचे? ती मेली की घोव येयत. बाबा इचारी, कशी दिसायची? गप. मग सांगत, गोरी होती. साधी होती. नाक कसा होता? परत गप. नाकात काय घाली, ता मात्र धडाधडा सांगत. मोती किती, खडो कसलो. घडवलेली तेंनीच ना!”

“चेहरा सांगता यायचा नाही?” मी विचारलं.

“बघलेलो असलो तर सांगतले! घरात चार माणसा, दिवसा बायलेकडे बघूची सोय नाय, रात्री दिवो मालवलेलो. दोन-चार पोरा झाली तरी घोवाक ठाऊक नाय, तिचे डोळे कसे.” त्या थांबल्या. “मग बाबा आयेक हाक मारी, गो, वायच बस हयसर. ती चुलीवरचा उतरून, हात पुसून येयन बसायची. तिच्याकडे बघून तोंड, आणि सांगितलेले दागिने. तसबीर घेवक येत, बघीत आणि रडत. म्हणत, हुबेहूब!”

हुबेहूब. आण्णाही हेच म्हणायचे. तसबिरीपुढे उभे राहून, आईला कडेवर घेऊन, ही बघ तुझी आई, हुबेहूब. मला त्या क्षणी आण्णांचा असा संताप आला की ते समोर असते तर मी काय बोलले असते सांगता येत नाही. चांगला माणूस होता तो. आजीच्या आठवणीने शेवटपर्यंत डोळे पुसायचा. पण तिचं तोंड त्याला ठाऊक नव्हतं.

आत्यांना आता थांबायचं नव्हतं. “आये जिती असताना घराघरात मेली. एकदा वसईक लग्नाक गेली. त्या घरात भिंतीर ही, हार घातलेली. कुंकू लावलेला. त्या घरची म्हातारी एकदा भिंतीकडे बघी, एकदा आयेकडे. तिना पोरांका ओढून आत नेल्यान आणि दार लावून घेतल्यान. आये न जेवता परत इली. तरी दुसऱ्या दिवशी बाबान बोलावल्यान तर बसली. पोटाचो प्रश्न.”

“मग तिची स्वतःची तसबीर?”

“नाय. ती गेली तेव्हा बाबान पत्रो घेतलो कोरूक. तेका बघूची पण गरज नव्हती, हात आपोआप चलतो. पण माझ्या आज्येन पत्रो हिसकावून घेतल्यान. म्हणाली, ह्या तोंड मेल्या बायलांचा. घरात लावशीत तर सुना मरतीत. तिच्या नावाचो एक कागद नाय आमच्याकडे. मी सगळ्यात धाकटी. माका ती आठवता ती अशीच, परक्या बायलेच्या नथीत.”

खाली कुणीतरी भाजी विकत ओरडत होतं. आत्यांनी पुन्हा छाप उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि कानावर बोट ठेवलं.

“ह्यो कान आयेचो नाय.”

मी त्यांना आईची गोष्ट सांगितली. कानातलं कसं ओढलं, पाळी कशी फाटली.

“मगे ता तुमच्या आज्यान सांगितला असतला,” त्या म्हणाल्या. “कोण कोण असा एखादा सांगी. एकान सांगितल्यान, करंगळी वाकडी. एकाक कपाळावरचो वण आठवलो. तेवढाच खरा. कान तुमचो.” आणि जरा वेळाने, अगदी लहान मुलीसारखं विचारलं, “परकी नावा नको. नाव नसलेलो असो एक कागद माका मिळात?”

मी पिशवीतून फुकट गेलेला छाप काढला. नावाच्या जागी पांढरी पट्टी होती. आत्यांनी तो घेतला आणि दिगंबरकडे पेन मागितलं. त्यांनी स्वतःच लिहिलं. लक्ष्मी. मग काना-कोपरा न्याहाळून दिगंबरला म्हणाल्या, “तेवढो कान शिवन देशीत?” त्याने मान हलवली. मित्राचा हात काढणाऱ्याला कान शिवणं जड नव्हतं.

निघताना त्यांनी माझा हात धरला. “तुमच्या आवशीक सांगू नको हां.”

सांगली

परतीच्या वाटेवर मी तोच विचार करत होते. आईने आयुष्यभर एका परक्या बाईला फूल वाहिलं, हे तिला सांगायचं का? सांगून काय मिळणार? आणि नाही सांगितलं तर मी आण्णांसारखीच. घाटात बस थांबली तेव्हाही माझं काही ठरलं नव्हतं.

ठरवायची वेळच आली नाही. आई उन्हात बसली होती, दाराकडे तोंड करून, पण मी उंबऱ्यात उभी राहिले तरी तिला कळलं नाही. मालूताईंनी मला खुणेने सांगितलं. आदल्या दिवशीच उजेड गेला होता. माझा जीव टांगणीला लागेल म्हणून फोनवर तिने सांगू दिलं नव्हतं.

मी बोरिवलीला गेले नसते तर दोन दिवस आधी पोचले असते.

मी पत्रा तिच्या मांडीवर ठेवला. कागदाचा आता उपयोग नव्हता, पण तांब्यावरच्या रेघा बोटाला लागतात. तिने दोन्ही हात पत्र्यावरून फिरवले, मग एक बोट आठवणीने उजवीकडे नेलं, कागदावर फाटका कान त्या बाजूला असायचा. तिथे धड कान होता. मी तिचं बोट उचलून डावीकडे ठेवलं आणि सांगितलं, पत्र्यावर उलटं असतं. तिच्या बोटाला ती फट लागली. तिने ते तिथेच ठेवलं.

“मीच फाडला गं,” ती म्हणाली.

“हो,” मी म्हणाले. एवढं तरी मला खरं बोलता आलं.

मग ती म्हणाली, “कशी दिसती, सांग की. इसरल्यागत झालंय.”

मी सांगायला लागले. “नाकात मोत्यांची नथ आहे. गळ्यात ठुशी. चोळीच्या बाहीला बारीक काठ…”

“दागिनं नगंत. तोंड सांग.”

मी गप्प झाले. आण्णा त्या कारागिरापुढे बसून असेच गप्प झाले असतील. पत्र्यावरची खळी, वर गेलेली भुवई मला तोंडपाठ होती, पण ती लक्ष्मीची होती, बोरिवलीच्या भिंतीवर आता आपल्या नावाने लागणार होती. ती मला इथे पुन्हा कुणाला द्यायची नव्हती. आई वाट बघत होती. ऊन तिच्या तोंडावर आलं होतं. इतकी वर्षं एका घरात राहून मी तिच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. मी पत्रा सोडला, तिच्यासमोर पाटावर बसले आणि बघितलं.

“कपाळ मोठं आहे,” मी म्हणाले. “भुवया विरळ, मधोमध जवळजवळ मिळालेल्या. नाक टोकाला जरा बसकं. डोळे घारे, पण उन्हात धरलं तरच कळतं. वरचा ओठ बारीक आहे. हसू यायच्या आधी तो एका बाजूला ओढला जातो.”

आईचा वरचा ओठ एका बाजूला ओढला गेला.

“मनानं न्हाई ना सांगत? बघून सांगतीस न्हवं?”

“बघूनच सांगतेय, आई.”